कुंडलिकेचं पाणी कुठं जातं

आमच्या कापसाच्या जीनमधी दिव्याला बंदी होती. कंदील न्हाई, चिमणी न्हाई. काडेपेटी खिशात सापडली तरी मुकादम गेटाबाहेर काढायचा. बरोबरच होतं त्याचं. कापूस म्हंजी काय, एक ठिणगी पडली की शेट, मुनीम, मजूर सगळ्यांची राख सारखीच.

त्यामुळं दिवस मावळला, भोंगा झाला, सरकी काढायचे रेचे थांबले, की वखारीत असा अंधार व्हायचा की तसा मी दुसरीकडं कुठं बघितला न्हाई. पण तो काळा न्हाई वाटायचा. खाली कापसाचा ढीग असायचा ना, पार छताच्या कैचीपर्यंत. अंधार खालून पांढरा पडायचा. त्यावर बसलं की आपण कुठं बसलोय तेच कळायचं न्हाई. ढगात बसल्यासारखं. हात पुढं केला तर हात दिसायचा न्हाई, पण हाताखालचा कापूस दिसल्यासारखा वाटायचा.

त्या अंधारात आमचं विद्यापीठ भरलं.

मी कचरू. गाव पिंपळगाव रेणुकाई. बाप गेल्यावर आत्यानं मला जालन्याला आणलं, तवापासून जीनमधी. आता पंचविशी आली. शाळा अशी झालीच न्हाई. मराठी वाचायला शिकलो ती दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीवरून. उर्दू शिकलो टेशनावर. पाटीवर एकच नाव वेगवेगळ्या लिप्यांत लिव्हलेलं असतं, मंग काय, ह्या नावातला 'ज' त्या नावात कुठं बसला हे जोडत बसायचं. असं जोडून जोडून आलं. आलं म्हंजी बरं आलं, पण मला कुणी कधी शिकवलं न्हाई, आणि शिकवणारा माणूस समोर उभा राहून बोलून राह्यलाय आणि मी ऐकून राह्यलोय, असं एकदा तरी व्हावं, ही माझी लई जुनी इच्छा.

तर यंदा एका उर्दू विद्यापीठानं ठरवलं, की मोठ्या माणसांनाही शिकवायचं. कामकरी लोक शहरात येऊ शकत न्हाईत, तर आपला प्रोफेसर त्यांच्याकडं पाठवायचा. एक हंगाम करून बघायचं, जमलं तर पुढं. जालन्यात जागा कोण देणार? आमच्या सोहनलाल शेटनं दिली.

"बैठो, बैठो," शेट म्हणले, "कापसावर बसा, बराबर ऊब राहील. पण बत्ती नको. बत्ती दिसली तर प्रोफेसरसकट बाहेर काढीन."

म्हणून कंदील वखारीच्या बाहेर, लिंबाच्या फांदीला टांगला. खिडकीच्या काचेतून जेवढा उजेड आत यील तेवढा. प्रोफेसरसाब त्या काचेजवळ उभे राह्यले. मुनीरुद्दीनसाब त्यांचं नाव, मूळचे अंबडकडचे, पण शहरात राहून बोलणं पुस्तकासारखं झाल्तं. काळी शेरवानी घालून आल्ते. वर्ग संपेपर्यंत तिच्यावर एवढी रुई बसायची की येताना तरणे आणि जाताना म्हातारे दिसायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी सुरू केलं, "हाजिरीन, हमारी ज़मीन का बेशतर हिस्सा पानी है." म्हंजी, जमलेल्या लोकहो, ह्या धरतीचा बराचसा भाग पाणीच हाय.

मी म्हणलो, "हूंऽ."

ते थांबले. परत म्हणले, "और यह पानी मुसलसल सफर में है." म्हंजी हे पाणी सारखं चालून राह्यलंय.

"हूंऽ."

"कौन है?" ते अंधारात बघत म्हणले. "कौन कराह रहा है? किसी की तबीयत खराब है?"

बायलरवरचा बद्रीनाथ माझ्या बाजूलाच पसरला होता. तो म्हणला, "कचऱ्या हाय साब. बिमार न्हाई, ऐकून राह्यलाय त्यो."

सगळे हसले. 

आता ह्यात माझी काय चूक? आमच्यात अंधारात कुणी काही सांगायला बसलं की एकानं हुंकारा द्यायचा असतो. सांगणाऱ्याला कळलं पाहिजे ना, समोरचा जागा हाय म्हणून. हुंकारा थांबला की गोष्ट थांबती, सांगणारा गप पडतो. घरात गोष्टी सांगायची आत्या, आणि हुंकारा माझा. ल्हानपणापासून ते माझंच काम. मला वाटलं, शिकवतात म्हंजी असंच शिकवत असतील.

प्रोफेसरसाब रागावले न्हाईत. समजावून म्हणले, "बेटा, विद्यापीठात शांत बसून ऐकायचं असतं. आवाज करायचा नाही."

मंग आम्ही शांत बसलो. लई शांत बसलो. खाली ऊबदार कापूस, वर अंधार, दिवसभर उभ्यानं केलेलं काम, आणि त्यात ते उर्दू, एकसारखं, पाळण्यासारखं. मी मांडीला चिमटे काढून राह्यलो होतो, तरी मधीच कुठंतरी मी पाण्यात उतरलो आणि पाणी पांढरं होतं आणि मासळ्या सरकीच्या होत्या.

"कोई सवाल?" असं शेवटी कानावर आलं.

 एक घोरणं तेवढं होतं.

प्रोफेसरसाब चाचपत ढिगावर चढले. आणि चढता चढता त्यांचा पाय पडला बद्रीनाथच्या पोटावर.

"बायलर फुटलाऽ!" बद्रीनाथ ओरडला.

त्याच्या डोक्यात दुसरं काय असणार? पण मंग काय इचारता. सगळे अर्ध्या झोपेतून उठून ढिगावरून घसरत, गडगडत, दाराकडं पळाले. कुणाचं मुंडासं राह्यलं, कुणाचा जोडा. बाहेर लिंबाखाली येऊन बघतात तर कुठं काय न्हाई, कंदील आपला टांगलेला. आत गेलो तर प्रोफेसरसाब कापसात बसून हसून राह्यले होते. हसू थांबलं तसं ते म्हणले, "मग मी इतका वेळ शिकवत कुणाला होतो?"

तवा आत्या बोलली. आत्या म्हंजी झुंबरबाई, कापसातली पत्ती येचायच्या कामावर होती. पन्नाशीची बाई, पण मुकादमही तिला दबून असायचा.

"साहेब," ती म्हणली, "राग मानू नका. बत्तीला बंदी शेटची, हुंकाऱ्याला बंदी तुमची. मंग आमी जागं राहावं तरी कशावर?"

प्रोफेसरसाबनं शेरवानीवरची रुई झटकली. मंग त्यांनी इचारलं, "आणि हुंकारा दिला तर?"

"देऊन तर बघू द्या."

"ठीक. कचरू, तू दे." मंग ते म्हणले, "पण बाई, ऐकायचं काय तुम्हाला? मी आणलंय ते तर समुद्रावरचं आहे."

आत्या लगेच म्हणली, जसं काही लई दिवसांपासून तोंडात धरून ठेवलं होतं, "ही आपली कुंडलिका, साहेब. हिचं पाणी कुठं जातं?"

"अहो, ते तर सरळ जाऊन..."

"थांबा थांबा थांबा!" आत्यानं हातच पुढं केला. "शेवट आधी नका सांगू. गोष्टीत पुढचं आधी सांगायचं न्हाई आणि आमी इचारायचं न्हाई. इथून निघा. घाटापासून."

आत्याला कुंडलिकेचंच का ऐकायचं होतं? मला माहीत होतं ते.

मामा, म्हंजी आत्याचा नवरा, साथीत गेला. त्या दिवसांत गावाबाहेर जाऊ देत नव्हते, सोबतीला माणूस मिळत नव्हता, घरं कुलपं लावून पडली होती. राख पैठणला न्यायची, गोदेत सोडायची, ही आत्याची इच्छा. न्हाई जमलं. तिनं एकटीनं ती इथंच, कुंडलिकेत सोडली. तवापासून तिची जाऊ, गोजरबाई, दर पित्रपाटाला येती आणि पानावर बसल्या बसल्या म्हणती, "सगळं केलं गं बाई, पण आमच्या भाऊजीला गोदा न्हाई लाभली. वढ्यात सोडला." आणि उन्हाळ्यात कुंडलिका आटती. दगडं उघडी पडतात. कुणी म्हणतं ती पुढं रेतीत मुरती, कुणी म्हणतं वावरात जिरती. दगडं उघडी पडली की आत्या नदीवरच्या पुलावरून जायची न्हाई, लांबून जायची.

मी एकदा शेटच्या पेढीवर गेल्तो तवा तिथं भिंतीवर आपल्या मोगलाईचा नकाशा होता. मुनीम आत गेला तसा मी जवळ जाऊन बघितला. गोदा होती. निळी, बोटाएवढी जाड. जालना होतं, ठिपका. कुंडलिका नव्हतीच. लई शोधली. बारीक रेघसुद्धा न्हाई. नकाशावाल्यांच्या लेखी ती नदीच नव्हती.

आत्याला मी हे सांगितलं न्हाई.

मंग दर आठवड्याला मुनीरुद्दीनसाब गाडीनं यायचे, आणि पाणी पुढं सरकायचं.

पहिले ते कागद आणायचे, काचेला लावून वाचायचे. पण बाहेर वारं आलं की कंदील हलायचा आणि अक्षरं हलायची. शेवटी कागद खिशात गेला तो गेलाच. मंग ते बोलायला लागले. माझ्या हूंच्या चालीवर त्यांचं बोलणं हळूहळू खाली उतरत गेलं, पुस्तकातून अंबडात आलं. "मंग" म्हणायला लागले. "लई" म्हणायला लागले. एकदा "आवो" म्हणले आणि स्वतःच हसले.

"घाटावरून निघालं," ते म्हणायचे, "बायांनी धुणं धुतलं, त्याचा फेस घेऊन निघालं."

"हूंऽ."

"फेस काही लांब येत न्हाई. दोन वळणं आला आणि विरला."

"हूंऽ."

"पुढं काळी माती. तिथं पाणी थांबतं, पुढं जाऊ का नको करतं."

"मंग?"

"मंग मागून दुसरं पाणी येतं. म्हणतं, चल की."

कसं होतं ते, सांगता येत न्हाई. अंधारात आपण सगळे त्या पाण्यावर बसलोय आणि जीन, वखार, लिंबाचं झाड, सगळं हळूहळू खालच्या अंगाला चाललंय. दुधना लागली, कुंडलिका तिच्यात गेली. आगगाडीच्या रुळाच्या बाजूबाजूनं चालली. परतूर गेलं, सेलू गेलं. टेशनाच्या पाट्यांवर मी जी नावं जोडून जोडून शिकलो होतो, ती आता पाण्यातून जाताना दिसायला लागली. पुलाखालून जाताना वर गाडीचा आवाज आला. खरंच आला, का बाहेर मालगाडी होती, देव जाणे. 

नुसती नदी न्हाई सांगितली त्यांनी. माती कशी झिजती, वाळू कशी होती, पाऊस कुठून येतो, हे सगळं त्या वाटेत आलं. बद्रीनाथनं इचारलं, पाणी खालीच का जातं? त्यावर एक सगळा आठवडा गेला. आत्या त्याच्यावर चिडली. "तुझ्यापायी पाणी तिथंच थांबलं, मेल्या. आता खड्ड्यात काय डास करून ठिवतो का त्याचे?"

एकदा वर्ग संपल्यावर, टेशनाच्या वाटेवर, मी प्रोफेसरसाबला इचारलं. लई दिवसांचं पोटात होतं. "साब, मला तिथं घेतील का? तुमच्या विद्यापीठात?"

त्यांनी खोटं सांगितलं न्हाई. "मॅट्रिक लागते, कचरू. त्याच्याशिवाय दारात उभं करत नाहीत. आणि वर्ग असतात दिवसा. तू काम कधी करशील?"

आत्या मागून येत होती. "दिवसा?" ती म्हणली. "तिथं दिवसा सांगत्यात?"

"हो, सकाळी दहाला सुरू."

"अगं बाई. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणत्यात. मंग तुमच्या शहरातले समदे मामे वाट चुकले असतील की!"

प्रोफेसरसाब एवढे हसले की शेरवानीवरची रुई उडाली. "चुकलेत, झुंबरबाई," ते म्हणले. "पुष्कळ चुकलेत. मी रोज बघतो."

पण मी काही हसलो न्हाई त्या वेळी.

संक्रांत होऊन गेली. दुधना पूर्णेला मिळाली. आत्या त्या दिवशी ढिगावर ताठ होऊन बसली, कारण आता कुंडलिका रेतीत मुरती म्हणणारे खोटे पडले होते. निदान पूर्णेपर्यंत तर पाणी आलं. आणि वर्ग उठताना प्रोफेसरसाब म्हणले, "पुढच्या वेळी पूर्णा पुढं कुणाला तरी भेटणार आहे."

आत्यानं माझा दंड धरला. कुणाला, ते तिनं इचारलं न्हाई. इचारायचं नसतं.

पण मंग प्रोफेसरसाब जायच्या ऐवजी परत खाली बसले. म्हणले, "एक सांगायचं आहे. पुढच्या वेळी नाज़िमसाब येणार आहेत माझ्यासोबत. विद्यापीठात असल्या वर्गांचं सगळं त्यांच्याकडं आहे. ते बघतील, आणि ते म्हणतील ते होईल. वर्ग चालू, नाहीतर बंद."

"बंद म्हंजी?" बद्रीनाथ म्हणला. "पाणी वाटंतच?"

"म्हणून सांगतो. माणूस वाईट न्हाई. पण त्यांना शिस्त लागते. तिथं शहरात काही लोक आधीच म्हणून राह्यलेत, की मजुरांना शिकवणं म्हंजी भजन करणं. हुंकारा ऐकला तर ते म्हणतील, बघा, भजनच आहे." ते थांबले. मंग मला म्हणले, "कचरू, त्या दिवशी तेवढा हुंकारा नको. एक दिवस."

मी म्हणलो, "बराबर साब."

दुसरं काय म्हणणार?

आता प्रश्न असा, की जागं राहायचं कसं. त्या आठवड्यात जीनमधी दुसरं बोलणंच न्हाई. शेवटी उपाय बद्रीनाथनं काढला. प्रत्येकानं हिरवी मिरची आणायची, दाताखाली धरायची, झोप आली की चावायची. सगळ्यांना पटलं.

नाज़िमसाब आले. उंच माणूस, पांढरी मिशी, हातात काठी. शेटनं पेढीवरची खुर्ची पाठवली होती त्यांच्यासाठी. ती कापसावर ठेवली. नाज़िमसाब बसले, आणि खुर्ची हळूच इतभर खाली गेली. त्यांनी काठी टेकवली, काठीही गेली.  इथं बत्ती का न्हाई एवढं इचारलं, शेटनं कारण सांगितलं, ते "अच्छा" म्हणले.

परतीची गाडी त्यांना त्याच दिवशी पकडायची होती. टांगा गेटाबाहेर उभा होता.

प्रोफेसरसाब सुरू झाले. "हाजिरीन."

हाजिरीन ऐकल्याबरोबर मला कळलं. ते पुस्तकात परत गेल्ते. पूर्णा किती कोसांची, तिला किती वढे मिळतात, तिच्या खोऱ्यात माती कोणती. सगळं खरंच असंल. पण ओल नव्हती त्यात. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. त्या थांबण्याच्या जागेवर माझा हूं बसायचा रोज. आता ती जागा मोकळीच राहायची, आणि ते तिथं ठेचकाळल्यासारखे व्हायचे, मंग दुसरं वाक्य शोधायचे.

अंधारातून आवाज यायला लागला. स्सऽ. स्सऽ. इकडून, तिकडून. मिरच्या.

"यह क्या है?" नाज़िमसाब हळूच म्हणले. "साँप तो नहीं?"

"जी नहीं," प्रोफेसरसाब म्हणले. "हवा है."

मंग स्सऽ पण कमी झालं. मिरच्या संपल्या. मिरची कितीही तिखट असली तरी दिवसभर बायलरमधी कोळसा मारलेल्या माणसाला किती येळ पुरणार? बद्रीनाथचं घोरणं सुरू झालं, पहिले बारीक, मंग बरंच. पलीकडून अजून एक. प्रोफेसरसाबचा आवाज अजून खाली गेला. ते "पूर्णा" म्हणायचे, आणि थांबायचे. परत "पूर्णा" म्हणायचे. मला कळलं, त्यांना वाट सापडून न्हाई राह्यली. तिथं, एवढ्या जवळ येऊन.

खुर्ची करकरली. नाज़िमसाब उठून राह्यले होते, काठी कापसातून उपटून.

"बस मुनीरसाब," ते म्हणले, आणि खरं सांगतो, रागानं न्हाई, वाईट वाटल्यासारखं म्हणले. "मैं समझ गया. दिन भर के थके लोग हैं. इनका क़ुसूर नहीं, पर यह काम होने वाला नहीं."

"जी," प्रोफेसरसाब म्हणले.

आत्याचा हात माझ्या मनगटावर होता. तिनं दाबला न्हाई, ओढला न्हाई. नुसता हात गार पडला होता. एवढ्या कापसात गार.

मी इचार केला असं म्हणणार न्हाई. हुंकारा दिला तर वर्ग जातोय, न्हाई दिला तरी जातोय. मंग निदान पाणी तरी जाऊ द्या.

"हूंऽ," मी म्हणलो. "मंग?"

 नाज़िमसाब जिथल्या तिथं उभे. बाहेर कंदील हलला, काचेवरचा उजेड जरा इकडं जरा तिकडं झाला. प्रोफेसरसाबनं शेरवानीवरून हात फिरवला, हे मला ऐकू आलं.

"मंग," ते म्हणले.

"हूंऽ."

"मंग पूर्णा थकली होती."

"हूंऽ."

"दुधनेचं पाणी तिच्यात, कुंडलिकेचं तिच्यात. लई लांबून आणलेलं. पात्र रुंद झालं, वाळूच वाळू. तिला वाटलं, आता इथंच बसावं."

"मंग?"

"मंग समोर कुणीतरी झोपलेलं दिसलं. एवढं मोठं, की ह्या काठावरून त्या काठाचा माणूस बोटाएवढा दिसावा. आवाज न्हाई, गडबड न्हाई. नुसतं चाललेलं. पूर्णेनं इचारलं, बाई, तुम्ही कोण?"

बद्रीनाथचं घोरणं थांबलं होतं. तोही म्हणला, "हूंऽ."

"ती म्हणली, मला गोदा म्हणतात. मी पैठणावरून आले. तू कुठून आलीस?"

"हूंऽ." आता ढिगावरून सगळीकडून. एकदम न्हाई, मागंपुढं, पाऊलं वाजावी तसं.

"पूर्णा म्हणली, मी लांबून आले, पण माझ्याजवळ जालन्याचंही पाणी आहे. गोदा म्हणली, ये मंग. त्याच्यासाठीच थांबले."

आणि मंग कुणाचाच हुंकारा आला न्हाई, कारण सगळ्यांना माहीत होतं की आत्या काहीतरी म्हणणार. गोजरबाईचं बोलणं कुणाला माहीत नव्हतं जीनमधी?

आत्याचा आवाज लई बारीक आला. "साहेब, समदं पाणी मिळतं का हो? का थोडं वाटंतच ऱ्हातं?"

 प्रोफेसरसाबला सोपं होतं, समदं मिळतं म्हणणं.

"थोडं राहतं, झुंबरबाई," ते म्हणले. "वाळूत राहतं, डोहात राहतं, उन्हाळ्यात वाफ होऊन वर जातं. पण ते संपत न्हाई. पूर आला की वाळूतलं उठतं. वर गेलेलं पाऊस होऊन येतं. मागंपुढं होतं, एवढंच. वाट एकच आहे."

आत्या "हूं" म्हणली. आयुष्यात पहिल्यांदा तिला हुंकारा देताना ऐकलं मी. ती सांगणारी होती ना.

टेशनाकडून शिट्टी आली. टांगेवाल्यानं बाहेरून हाक मारली, "साब, गाडी!"

प्रोफेसरसाब भानावर आले. "आज इतकंच," ते म्हणले, एकदम कोरड्या आवाजात. "माफ करा नाज़िमसाब. तुमची गाडी..."

 शेट खाकरले. मी डोळे मिटून घेतले, अंधारात त्याचा काय उपयोग, पण घेतले.

आणि खुर्चीच्या बाजूनं आवाज आला. आधी काठी कापसात परत रुतल्याचा. मंग खुर्ची करकरल्याचा.

"हूंऽ," नाज़िमसाब म्हणले. "फिर?"

गाडी गेली. आम्ही ती जाताना ऐकली. मंग त्या दिवशी नांदेड लागलं, घाट लागले, पुढं तेलंगणातले ताड लागले, भातं लागली, आणि पाणी अजून पुढंच चाललेलं होतं.

नाज़िमसाब शेटच्या घरी राह्यले. सकाळच्या गाडीला आम्ही सगळे भोंग्याच्या आधी टेशनावर गेल्तो. त्यांनी सांगितलं, वर्ग चालू राहील, पाणी समुद्राला लागंपर्यंत तर नक्कीच, आणि पुढच्या हंगामातही, शेटनं जागा दिली तर. शेट म्हणले, "दिली की साब, पण बत्ती नको." मंग नाज़िमसाब माझ्याकडं बघून म्हणले, की तुम्ही लोक ऐकणारे म्हणून याल. विद्यार्थी म्हणून नाव लागणार न्हाई, परीक्षा न्हाई, सनद न्हाई. तसा कायदाच न्हाई अजून.

खरं सांगू? मला वाईट वाटलं. सगळे खुश होते, मीही हसलो, पण मला ती सनद पाहिजे होती. अजून पाहिजे. मुनीरुद्दीनसाब म्हणले, मी तिथं बोलून राह्यलोय, संध्याकाळी शिकणाऱ्याला, मॅट्रिक नसलेल्याला, मराठीतून परीक्षा देता आली पाहिजे म्हणून. बोलून राह्यलेत. बघू. मी नाज़िमसाबला इचारलं, "कायदा कधी होईल?" ते म्हणले, "देखेंगे." मी सवयीनं म्हणलो, "हूंऽ. फिर?" ते हसले आणि गाडीत चढले.

आणि समुद्र आला तवा तो खारट निघाला. आत्याला ते बिलकुल पटलं न्हाई. "एवढी गोड नदी जाऊन मिळती, मंग खारट कसा? इचारा कुणीतरी त्याला." त्यावर अजून एक आठवडा गेला.

परवाची गोष्ट. जीन सुटल्यावर आत्या घरी दिसंना. मी शोधत कुंडलिकेवर गेलो. दिवस बुडाला होता, पण पाण्यावर थोडा उजेड राह्यला होता, आमच्या वखारीत राहतो तसा, खालून. पाणी कमी झालंय आता. दगडं निघायला लागली. आत्या त्या दगडांपाशी, पाण्यात पाय सोडून बसली होती. मला वाटलं, रडून राह्यली. जवळ गेलो तर बोलून राह्यली होती. पाण्याशी.

"इथून खाली काळी माती लागंल," ती सांगत होती. "तिथं घाबरू नका. मागून पाणी येतं."

मला तिनं बघितलं न्हाई. मी मागंच खाली बसलो.

"मंग दुधना लागंल. आगगाडीच्या बाजूबाजूनं जा. परतूर, मंग सेलू."

ती थांबली. पाण्याकडून काही उत्तर येत न्हाई हे तिला ध्यानात आलं असंल, म्हणून थांबली असंल. सांगणाऱ्याला एवढं तर पाहिजेच.

"हूंऽ," मी म्हणलो.

तिनं मागं वळून न्हाई बघितलं. पाय जरा खोल सोडले.

"मंग पूर्णा," ती म्हणली.